दीड बोटाची फौज

दौंड जंक्शनातील निम्मी माणसे माझ्या मेव्हण्यांनी लढाईत मारली, आणि ती सर्व माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नमस्कार करीत. मी शिरूरच्या शाळेत शिक्षक होतो आणि अतिशयोक्तीचे गुण जन्मभर कापीत आलो आहे. तेव्हा हे विधान मी विचारपूर्वक करतो.

मेव्हणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढीत. उरलेला वेळ ते फौजा उभ्या करण्यात घालवीत. शिपाई दीड बोट उंचीचा. त्याहून केसभर अधिक झाला की तो मोडला जाई. अंग शाडूचे, भाला केरसुणीच्या हिराचा, ढाल चिंचोक्याच्या टरफलाची. त्यामुळे बहिणीच्या घरात केरसुणी दर महिन्यास बारीक होत जाई आणि नीळ पगड्यांना लागल्यामुळे सदरे पिवळे राहत. घोड्याच्या शेपटीला घोड्याचाच केस हवा, असा त्यांचा आग्रह होता. ते स्टेशनाबाहेर आले की टांगेवाले आपापल्या जनावराच्या मागे जाऊन उभे राहत. मिशी काढण्यासाठी खारीच्या शेपटीच्या चार केसांचा ब्रश होता. त्या ब्रशास घरात देवाच्या पळीपेक्षा अधिक सोवळे होते.

प्रत्येक शिपायाला गावातील कोणाचा तरी चेहरा असे. ज्याच्याशी भांडण झाले, त्याची नेमणूक आघाडीवर होई. पडलेला शिपाई पुन्हा उभा करायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम; तो बिस्किटाच्या डब्यात जाई आणि तेथेच राही. एका तिकीट तपासनिसास आपण पडल्याचे कळले, तेव्हा तो केबिनच्या जिन्यापर्यंत आला.

"मेलो ते मेलो. पण कसा मेलो, ते तरी सांगा."

"पळताना. पाठीवर वार हाय."

"अहो, घरी कळलं तर काय म्हणतील? निदान छातीवर घ्या की!"

"मेलेल्या माणसाची जागा मला बदलता येत न्हाई. तुमचा पोरगा उभा करतो पुढल्या साली."

तपासनीस महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

लढाई वर्षातून एकदाच, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी होई. पावसाळ्यात फौजा छावणीत असतात, सीमोल्लंघनाखेरीज बाहेर पडत नाहीत, हे त्यांचे म्हणणे. प्रतिपक्ष म्हणजे शिरूरचे निवृत्त जमादार. त्यांचे मुसलमान घराणे शिरूरचे जुने. उमेदीची वर्षे त्यांनी तोफखान्यात घालविलेली. ते माझ्याबरोबर एस.टी.ने येत. दोन पलंगांच्या फळ्या जोडून त्यांवर भीमेची वाळू पसरली जाई. मेव्हण्यांची निशाणे हळदीने पिवळी, जमादारांची चुन्याने पांढरी. पायदळ चार बोटे चाले, घोडा एक वीत, तोफेचा पल्ला दोन विती. गोळा लागला की नाही, ते सहा कवड्या टाकून ठरे. चार किंवा अधिक उताण्या पडल्या तर लागला. पहिल्याच वर्षी जमादारांचा पंजा फार मोठा निघाल्यामुळे तंटा झाला. तेव्हापासून वीत माझ्या बहिणीची धरली जाई. तिला या खेळाचा मनस्वी तिटकारा होता. तरी हाक आली की ती हात पुसत येई, वीत टाकी आणि मुकाट्याने आत जाई.

दुसरा नियम जमादारांच्या अंगाशी येत असे. तोंडातून निघालेली चाल परत घ्यायची नाही. "अहो, जीभ घसरली," असे ते म्हणत. मेव्हणे म्हणत, "तोफखान्यात होतात ना जमादार? सुटलेला गोळा कवा माघारी आणलात का?" आठ वर्षे जमादार हरत आले होते.

नवव्या वर्षी बहिणीचे कार्ड आले. मी गेलो. तिने मला नवे स्वार दाखविले. तिघांच्या मिशा कपाळावर होत्या.

मी मेव्हण्यांना पुण्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत पडदा वाढतो आहे. बारीक काम आज थांबवा आणि शस्त्रक्रियेस या. मेव्हण्यांनी ते सिग्नलची घंटा ऐकावी तितक्या शांतपणे ऐकले आणि घरी येऊन ब्रश भिजत घातला. रेल्वेत त्यांनी कोणास कळविले नव्हते. केबिनमध्ये दांड्यांना हात लावून ते ओळखता येत, पण येणाऱ्या गाडीचा दिवा हाताने ओळखता येत नाही. मी त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगितले.

ते म्हणाले, "आप्पा, ज्या दिवशी लढाई हरीन त्या दिवशी ब्रश ठेवीन, आन् साहेबांना जाऊन डोळ्यांचं सांगीन. शब्द हाय. त्याच्या आधी न्हाई."

मला एकच मार्ग दिसला. एस.टी.त मी जमादारांना सर्व सांगितले आणि म्हटले, "या वर्षी तुम्ही जिंकले पाहिजे."

"लबाडीनं?" ते म्हणाले. "ते व्हायचं न्हाई, आप्पा. आन् सरळ जिंकायचं म्हणाल, तर आठ वर्षं मी काय शेंगा खात होतो?"

त्या रविवारी दुपारपर्यंत मेव्हणे जिंकत होते. त्यांची पायदळे वाळूत आखलेली नदी उतरली होती. जमादारांचे उजवे अंग मोडले होते. बहीण आतबाहेर करीत होती. प्रत्येक वेळी तिची नजर प्रथम माझ्याकडे वळे, मग वाळूकडे. मेव्हण्यांपाशी एक तोफ होती आणि घोडदळ, जे उजवीकडून वळसा घालून नेमके जमादारांच्या निशाणाशेजारी पोचले होते. आणखी एक चाल, आणि लढाई संपत होती.

मेव्हणे फळीवर वाकले. डोळे बारीक केले. मग बोट रोखून म्हणाले, "तोफ. त्या पुढच्या पांढऱ्या निशाणावर."

बोटाखालचे निशाण पिवळे होते.

बहिणीने वीत टाकली. एक, आणि दुसरी अर्धी. तिने ते पाहिले होते. तिचा हात वाळूवरून उठेना. मी पाहिले होते. जमादारांनीही पाहिले होते. त्यांनी केवळ गप्प बसायचे होते. मी त्यांच्याकडे रोखून पाहत होतो, आणि वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाला मी कधी क्षमा केली नव्हती, हे मला त्याच क्षणी आठवत होते.

मेव्हण्यांनी कवड्या मुठीत घेतल्या.

"बाबूसाहेब," जमादार म्हणाले, "थांबा. ते निशाण तुमचंच हाय."

मेव्हण्यांनी हात पुढे केला. घोड्याची शेपटी चाचपली, निशाणाचा दोरा चाचपला. त्या दोऱ्याची गाठ ते स्वतः मारीत. बराच वेळ त्यांचे बोट त्या गाठीवर राहिले.

"चाल परत घ्या," जमादार म्हणाले. "मी बोलणार न्हाई. आप्पाबी बोलणार न्हाईत."

"बोललोय मी," मेव्हणे म्हणाले, आणि कवड्या टाकल्या.

पाच उताण्या पडल्या.

घोडदळ गेले, ते गेल्यावर मधली फळी उघडी पडली आणि तासाभरात सर्व आटोपले. जमादारांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "ही फत्ते मी धरत न्हाई," ते म्हणाले.

"धरा. तुमच्या आठ हारी मी धरल्या न्हाईत का?"

मग मेव्हण्यांनी आपले स्वार एकेक करून डब्यात ठेवले आणि शेवटी त्यांच्यावर तो ब्रश ठेवला. झाकण बहिणीने लावले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. केबिन सुटली. शस्त्रक्रियेनंतर चालण्यापुरते आणि माणूस ओळखण्यापुरते दिसू लागले. निवृत्त होईपर्यंत ते मालधक्क्यावर होते. जमादार दसऱ्यानंतर येतच राहिले. दोघे रिकाम्या फळीशेजारी चहा घेत आणि जुन्या चालींवरून भांडत.

माझी एक तक्रार होती, आणि ती मी कधी बोलून दाखविली नव्हती. साऱ्या दौंडाला त्या फौजेत जागा होती, मला नव्हती. शिरूरच्या माणसाला घ्यायचे नाही, असा काही नियम असावा, अशी मी समजूत करून घेतली होती. मेव्हणे गेल्यावर बहिणीने एक काड्यापेटी माझ्या हाती दिली. आत कापसावर काळी टोपी, लांब कोट आणि काखेत छत्री असलेला दीड बोटाचा मास्तर होता. चेहरा माझाच होता. फक्त डोळे काढलेले नव्हते. मूर्तिकाराप्रमाणे मेव्हणेही डोळे शेवटी काढीत.

"पहिल्या वर्षीच केला होता," बहीण म्हणाली. "दर साली बाजारबुणग्यांच्या तंबूत असायचा, पार मागं. मी म्हटलं, दादाला जरा पुढं तरी काढा. तर म्हणाले, पुढं काढला तर कवातरी पडंल, आन् पडला की डब्यात टाकावा लागंल. डोळे मात्र सवडीनं काढू म्हणत राहिले."

तो मास्तर माझ्या मेजावर आहे; बिस्किटाचा डबाही बहिणीने मलाच दिला. मागच्या दसऱ्याला मी खारीच्या केसांचा तो ब्रश भिजविला आणि चष्मा पुसून बसलो. मेव्हण्यांनी मला कोणती नजर दिली असती, ते मला ठरविता आले नाही. ब्रश धुऊन मी पुन्हा डब्यात ठेवला.