नळीचा क्लेम

रशीदाभाभींनी पिशवीतून एक वापरलेली नळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, पुन्हा हीच धुऊन धुऊन वापरायलोत. तुम्ही क्लेम नाकारला ना."

उस्मानपुऱ्यातल्या विमा ऑफिसात मी क्लेम तपासायचे. भाभी खुलताबादहून आल्या होत्या. त्यांचे शौहर युसूफभाई इलेक्ट्रिशियन. शिडीवरून पडले, मणक्याला मार बसला, लघवीची जाणीवच गेली. आता दिवसातून अनेकदा कॅथेटर, म्हणजे ही बारीक नळी, आत घालून लघवी काढावी लागायची. दर वेळी नवी. जुनी वापरली की इन्फेक्शन. तसं एकदा झालंच होतं. तापानं फणफणले, अ‍ॅडमिट करावं लागलं. ते बिल आम्ही मंजूर केलं. डिस्चार्जनंतर घेतलेल्या नळ्यांचा क्लेम मात्र 'कन्झ्युमेबल' म्हणून परत गेला. कन्झ्युमेबल म्हणजे हातमोजे, कापूस यांसारखी वापरून फेकायची वस्तू; तिचे पैसे पॉलिसी देत नाही.

"अन् ते काय करतेत, माहितंय?" भाभी खाली बघत म्हणाल्या. "पाणीच पीत नायत. म्हणतेत, कमी प्यालं की नळ्या कमी लागतील. लई ऊन हाय, मॅडम."

मी फाइल घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, इन्फेक्शनचं बिल आपण दिलं. ते टाळणारी नळी नाकारली."

"नियम आहे."

"हातमोजे डॉक्टर घालतात, सर. ही पेशंटची ट्रीटमेंट आहे. नळी नसेल तर लघवी तुंबेल, किडनीवर जाईल."

साहेबांनी फाइल ओढून घेतली. "डॉक्टर तसं लिहून देतील? मग डिस्चार्जनंतरच्या उपचारात बसवू."

मी युसूफभाईंच्या डॉक्टरांना फोन लावला. ते वैतागले. "यात लिहायचं काय? माणसाला लघवी करावी लागते, हे?"

"हो सर. तेच लिहा."

त्यांनी लिहिलं. क्लेम पास झाला.

पण डिस्चार्जनंतरचा खर्च पॉलिसी ठरावीक मुदतीपुरताच देते. हेही भाभींना मलाच सांगावं लागलं. त्या रडल्या नाहीत. "तवर तरी सुकून हाय ना," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना सरकारी दवाखान्यातल्या समाजसेविकेकडं पाठवलं. तिनं पुढच्या नळ्यांची बरीचशी सोय लावली, सगळी नाही. युसूफभाई आता घरीच बसून मिक्सर, पंखे दुरुस्त करतात.

क्लेम नाकारला तर कारण विचारा, आणि वस्तू का लागते ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. अगदी उघड असलं तरी. ऑफिसात उघड गोष्टच आधी नजरेतून सुटते.