खिडकीशी उभा असेल त्याचं नाव

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याला एकच खिडकी होती, आणि तिच्या आत भालचंद्रराव कंपाउंडर बसत. राजूर आणि पिंपळगाव रेणुकाई यांच्या मधलं आमचं गाव. डॉक्टर भोकरदनहून दर बुधवारी येत, तेही रस्ता चालू असेल तर. उरलेले सहा दिवस दवाखाना म्हणजे भालचंद्रराव.

ते नोकरीला लागले तेव्हा राज्य निजामाचं होतं आणि रजिस्टर उर्दूत लिहावं लागे. पुढे ते राज्य गेलं, रजिस्टर मराठी झालं, छप्पन साली आपण मुंबई राज्यात गेलो. या सगळ्यात त्यांच्या अक्षराला कधी धक्का लागला नाही. ओळ सरळ, शाईचा एक डाग नाही. औषध फुकट असे, बाटली मात्र ज्याची त्यानं आणायची. भालचंद्रराव बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत आणि कातरीनं तिला खाचा पाडत. एका खाचेपर्यंत सकाळी, दुसऱ्या खाचेपर्यंत संध्याकाळी. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही त्या खाचा वाचता येत.

खिडकी बाजाराच्या वाटेवर उघडायची. समोर चावडी, चावडीच्या ओट्यावर दिवसभर पुरुष बसलेले. त्या वाटेनं बाई औषधाला यायची नाही. तिचा नवरा यायचा, नाहीतर सासरा. खिडकीच्या गजाला धरून, नजर दुसरीकडे ठेवून म्हणायचा, "घरात ताप हाय." बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती, बायको म्हणायचीही नव्हती. भालचंद्रराव समजायचे. ताप कसा, कधीपासून, अंगावर पिणारं मूल आहे का, एवढं हळू आवाजात विचारायचे आणि औषध भरायचे. रजिस्टरात मात्र खिडकीशी उभा असेल त्याचं नाव लिहायचे. त्याचं वय, त्याच्या बापाचं नाव, आणि पुरुषांच्या रकान्यात एक उभी रेघ.

ही रीत त्यांनी अठ्ठेचाळीस सालात धरली. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षीच्या भीतीत आपल्या घरातल्या बाईचं नाव कुठल्याही कागदावर असू नये असं प्रत्येकालाच वाटत होतं. भीती ओसरली, रीत राहिली. अंगावरून जाणं, पांढरं पाणी, अशा गोष्टी कुणाच्या सुनेच्या नावापुढे सरकारी वहीत लिहिणं त्यांना अब्रूवर घाला वाटे. गावालाही तसंच वाटे. म्हणून तर लोक त्यांना मान देत. "कंपाउंडरसाबच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर येत न्हाई," असं म्हणत.

सत्तावन साली बातमी आली की विकास गटात एका गावाला शिकलेली सुईण मिळणार आहे. सरकारी पगारावर, गावातच राहणारी नर्सबाई. जागा गावानं द्यायची. आमच्याकडे अमृतलाल शेटजींनी आडतीमागची दोन खोल्यांची जागा देऊ केली. गावचे प्रमुख काकासाहेब. त्यांनी अर्जावर दीडशे अंगठे घेतले. अर्जाचं अक्षर भालचंद्ररावांचं होतं.

फाल्गुनात उत्तर आलं. काकासाहेबांनी ते चावडीवर वाचून दाखवलं. आपल्या दवाखान्याच्या रजिस्टराप्रमाणे गेल्या तीन वर्षांत स्त्री-रुग्णांची संख्या वर्षाला सरासरी चौदा आहे, सबब जागा मंजूर करता येत नाही. हरकत असल्यास तीस दिवसांत पुराव्यासह कळवावे.

"चौदा?" अमृतलाल शेटजी उठूनच उभे राहिले. "अरे, चौदा बाया तर माझ्या एका घरात आजारी पडतात!"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "शेटजी, तुमच्या घरात खाऊन आजारी पडत असतील."

"हसा. पण हे चौदा आले कुठून? साहेबानं औरंगाबादेत बसून ठोकून दिलं!"

"बिलकुल," काकासाहेब म्हणाले. "त्यांना ज्याला द्यायचं त्याला द्यायचं होतं. आपलं नुसतं निमित्त."

भालचंद्रराव ओट्याच्या कडेला बसले होते. ते चौदा कुठून आले हे गावात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. सासरी भांडून एकट्या राहणाऱ्या दोघी, भिक्षा मागणाऱ्या तिघी, आणि अशा काही, ज्यांच्यासाठी खिडकीशी येणारा कुणीच नव्हता. तेवढ्याच वहीत बाया होत्या. बाकी साऱ्या गावच्या बायकांचं दुखणं त्यांनी आपल्या हातानं पुरुषांच्या रकान्यात घातलं होतं.

त्या दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. रजिस्टरातल्या नोंदी चुकीच्या आहेत, चूक माझी आहे, गावाच्या अर्जाचा फेरविचार व्हावा. पत्र छान उतरलं होतं. ते त्यांनी खणात ठेवलं. सरकारी वहीत दहा वर्षं खोट्या नोंदी. नोकरी जाईल, आणि नोकरीपेक्षा नाव जाईल. उद्या टाकू, म्हणाले. तीस दिवस गेले. एक एप्रिलला नर्सबाई दुसऱ्या गावी रुजू झाली.

त्याच चैत्रात रखमाजी खिडकीशी आला. तरणा, हसरा माणूस, सोंगाड्या म्हणून गावात प्रसिद्ध. पण त्या दिवशी तो गजाशी नुसता उभा राहिला.

"काय रे रखमाजी? तोंड शिवलं का कुणी?"

"घरात पाय सुजून राह्यलेत, साब. बोट दाबलं की खड्डा पडतो."

"डोकं दुखतं?"

"लई. डोळ्याम्होरं काजवे आल्ते म्हणती."

"कितवा महिना?"

रखमाजी चावडीकडे बघत पुटपुटला, "सातवा."

भालचंद्ररावांनी दौत ओढली. इथे त्यांचा हात थांबला, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. आता खरं काय आणि खोटं काय हे त्यांना कळत होतं. पण आज एकदम बायका लिहायला लागलो तर मागचं सगळं उघड होईल, असं मनात आलं. त्यांनी लिहिलं: रखमाजी, वय बत्तीस, पुरुष, पायांस सूज, डोकेदुखी.

बुधवारी डॉक्टर आले. त्यांनी नेहमीसारखं रजिस्टर चाळलं, त्या ओळीपुढे 'मीठ वर्ज्य' लिहिलं आणि पान उलटलं. भालचंद्रराव बाजूला उभे होते. "साहेब, ही बाई आहे, सातवा महिना आहे," एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. रखमाजी वैशाखात आणखी दोनदा येऊन बाटली भरून घेऊन गेला.

ज्येष्ठात सोनूबाईला, रखमाजीच्या बायकोला, कळा सुरू झाल्या आणि झटके आले. मुलगी झाली. झटके थांबेनात म्हणून तिला गाडीत घालून भोकरदनला न्यायला निघाले. भर दुपारी अर्ध्या वाटेवरून गाडी परत फिरली. गाडी दवाखान्यावरून गेली तेव्हा भालचंद्रराव बाटली धूत होते. तिचं नाव सोनूबाई होतं हे त्यांना त्या दिवशी कळलं.

सोनूबाईच्या मातीहून आल्यावर त्यांनी खणातलं पत्र काढलं आणि टपालात टाकलं.

चौकशीचा साहेब कार्तिकात आला. आदल्या दिवशी काकासाहेब भालचंद्ररावांकडे येऊन बसले. "टपाल बघणारे मास्तर म्हणत होते, तुम्हीच पत्र धाडलं. काय बुद्धी झाली? नोकरी गेली तर दुसरा कंपाउंडर कसा येईल देवाला ठाऊक. तुम्ही उद्या तोंड उघडू नका. आम्ही बराबर सांभाळून घेतो."

"काकासाहेब, सांभाळू नका."

"गप बसा हो."

दवाखान्याच्या पडवीत टेबल मांडलं होतं. साहेब रजिस्टरातली नावं घेत होता आणि एकेक माणूस पुढे येत होता. ही खोकल्याची नोंद तुमची? व्हय साहेब, माझीच. हा रक्त जाण्याचा त्रास तुम्हाला होता? अमृतलाल शेटजी टोपी सारखी करत म्हणाले, "होता साब. मूळव्याध." मागे कुणीतरी खुसखुसलं. त्यांच्या आईचं, भंवरीबाईंचं, दुखणं ते होतं. दहा-बारा माणसं अशी येऊन गेली. सगळी खोटं बोलत होती, आणि इतक्या प्रेमानं बोलत होती की भालचंद्ररावांना मान वर करवेना.

मग साहेबानं रखमाजीचं नाव घेतलं.

"पायाला सूज, डोकेदुखी. तीन वेळा. तुम्हालाच?"

रखमाजीनं पुढे येऊन आपले काळे, फाटलेले पाय जुळवले. त्याची मुलगी घरी त्याच्या आईजवळ होती, शेळीच्या दुधावर. "व्हय साहेब," तो म्हणाला. "माझेच पाय सुजल्ते."

"आता उतरली सूज?"

"उतरली. कंपाउंडरसाबच्या औषधानं."

भालचंद्रराव उठले. "साहेब, हा खोटं बोलतोय."

"बसा हो!" काकासाहेब ओरडले.

"पाय याच्या बायकोचे होते. ती ज्येष्ठात गेली. शेटजींना मूळव्याध नाही. इथे उभा असलेला एकही माणूस खरं बोलला नाही, मला वाचवायला खोटं बोलले. पण हे खरं ठरलं तर गावात बाया चौदाच राहतात साहेब. मी पान-पान सांगतो. तुम्ही लिहून घ्या."

आणि त्यांनी सांगितलं. तीन वर्षांच्या वह्या. कुठली ओळ कुणाच्या आईची, कुठली सुनेची. नावं त्यांना ठाऊक नव्हती; घर ठाऊक होतं, दुखणं ठाऊक होतं, बाटलीचा रंगसुद्धा ठाऊक होता. एकेका ओळीला पडवीतला एकेक पुरुष मान खाली घालत गेला. संध्याकाळपर्यंत साहेबाच्या कागदावर वर्षाला सहाशेच्या वर बाया झाल्या.

पुढच्या एप्रिलला आमच्या गावी उषाबाई नर्स आल्या. भालचंद्ररावांची पगारवाढ थांबली आणि बदली लांब झाली. गावाला वाटलं, फार शिक्षा झाली. त्यांना वाटलं नाही.

पण त्या आधी, चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी, रखमाजी त्यांच्या दारात आला होता. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चिडलेला होता.

"चारचौघांत मला खोटं पाडलं तुमी. मी कुणासाठी बोललो?"

"माझ्यासाठी."

"मंग? तुमी दिलं तेच औषध तिला दिलं. तुमचा काय गुन्हा? नशिबाचा गुन्हा."

"आत ये रखमाजी. बस."

"न्हाई बसत. काल रातभर इचार करून राह्यलो मी. चौदा, सहाशे, हे काय लावलं व्हतं तुमी? नाव माझं लिहिलं काय अन् तिचं लिहिलं काय, फरक काय पडतो?"

भालचंद्ररावांनी त्याला सांगितलं. फाल्गुनातलं उत्तर, तीस दिवस, खणातलं पत्र. बुधवारचे डॉक्टर आणि न बोललेलं वाक्य. अगदी एक एप्रिल ही तारीखही सांगितली. रखमाजी ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू निघून गेला आणि तिथे काही आलंच नाही.

त्यानं विचारलं, "म्हंजे, पत्र टाकलं असतं तर चैतातच नर्सबाई आली असती?"

कदाचित, असं उत्तर देता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. सरकारी काम, आणि सूज फार आधीपासून असेल, आणि नर्सबाई काही देव नव्हे.

"आली असती," भालचंद्रराव म्हणाले.

रखमाजीनं मान हलवली, जणू खिडकीशी औषध कसं घ्यायचं ते समजून घेतलं. मग तो वळला. अंगणात आल्यावर त्यानं मागे न बघता विचारलं, "पोरीला शेळीचं दूध पचून न्हाई राह्यलं. पाणी किती घालू?"

"निम्मं," भालचंद्रराव म्हणाले. "उकळून. आणि रखमाजी... तिचं नाव काय ठेवलंस?"

"अजून न्हाई ठेवलं," तो म्हणाला, आणि गेला.