सगळ्यांच्या खिडकीतला माझा प्रश्न

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात कागद हाक मारून मागायची पद्धत आहे. मालक आतल्या केबिनमधून ओरडतात, "आजऱ्याची बिल्टी!" दिवाणजी बाहेरून ओरडतात, "कंच्या गाडीची?" मग आतून, "परवाच्या की!" तोवर मधल्या टेबलावरची मी उठून कपाटाकडे निघालेली असायची. आमचा काजूगराचा व्यापार. आजऱ्याकडून माल येतो, इथून पुढे जातो आणि जाताना वाहतुकीच्या बिल्ट्या, बिलं, रिपोर्ट असा कागदांचा ढीग मागे ठेवतो. ते कागद स्कॅन करायचे, जागेवर लावायचे आणि हाक आली की काढून द्यायचे, हे माझं काम.

मी गोंदियाकडची. आठवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा लांब होती आणि घरात लहान भावंडं होती, एवढंच त्याचं कारण. लग्नानंतर नवऱ्याला इथल्या फाउंड्रीत काम लागलं आणि आम्ही राज्याच्या एका टोकाहून उठून दुसऱ्या टोकाला आलो. ऑफिसात पहिल्या दिवशी दिवाणजींनी मला विचारलं, "काय पावणं, कुठनं आलासा?" एवढ्या जोरात, की मला वाटलं माझ्या हातून काहीतरी फुटलं. मी म्हटलं, "चुकलं जी." ऑफिसभर हसू पसरलं. ते रागावले नव्हते, त्यांचा नेहमीचा आवाजच तेवढा होता, हे कळायला मला फार दिवस लागले.

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. खुर्ची दिली, डोक्यावर पंखा दिला, कॉम्प्युटर शिकवला. हे आठवलं की मला अजून भरून येतं. पगाराच्या दिवशी मी मालकांना वाकून नमस्कार करायची. ते पाय मागे घेत ओरडायचे, "अगं, देऊळ हाय काय हे!"

मग मालकांच्या सूनबाईंनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, नवीन सिस्टीम आणली. सगळे कागद कॉम्प्युटरात, आणि आत एक एआय मदतनीस. त्याला मराठीत विचारायचं, तो कागद शोधतो, वाचून दाखवतो, बैठक झाली तर तिचं टिपणही करतो. वहिनींनी हे सगळं उभ्या उभ्या समजावलं. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात शिरलं. उरलेला निम्मा वेळ मी दिवाणजींच्या तोंडाकडे बघत होते, त्यांना तरी कळतंय का म्हणून. त्यांनाही कळत नव्हतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "नवीन माणूस आलाय. पावण्यांला पाणी तरी इचारा."

तेव्हापासून मदतनीसाचं नाव पावणं पडलं.

वहिनींनी पहिलाच कागद मागितला, आणि मी खुर्चीतून उठायच्या आत तो पडद्यावर हजर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाजवता वाजवता माझी नजर कपाटाकडे गेली. कपाटापर्यंत जाऊन यायचं, तेवढ्यासाठी तर मी होते.

पण गंमत अशी, की पावण्यांशी बोलायला कुणी तयारच होईना. दिवाणजींचा चष्मा कधी कपाळावर, कधी खिशात. मालकांच्या एका बोटाखाली तीन अक्षरं दाबली जायची. म्हणून हाका चालूच राहिल्या, फक्त वाट बदलली. "पावण्यांला इचार, त्या रिपोर्टात ओल किती लिवलीय!" मग मी टाइप करायची, "नमस्कार जी. काजूगराच्या लॅब रिपोर्टमध्ये ओलावा किती आहे, ते कृपया सांगाल का?" पावणंही तितक्याच अदबीनं सांगायचे आणि खाली जोडायचे, "खात्रीसाठी मूळ कागद पाहावा." दिवाणजी म्हणायचे, "सरकारी हापिसात नोकरी केल्यागत बोलतंय." ते उत्तर मी ओरडून आत पोचवायची. जन्मात आवाज न चढवलेली मी कोल्हापुरात ओरडायला शिकले.

पण नुसतं ओरडायला माणूस किती दिवस ठेवतील? हा विचार स्वयंपाक करतानाही डोक्यातून जाईना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "विचारून टाक ना मालकाले." विचारून टाक म्हणे! विचारलं आणि त्यांना आठवलं, की अरेच्चा, ही कशाला हवी, मग?

एका दुपारी मालक केबिनमध्ये, वहिनी त्यांच्यापाशी आणि दिवाणजी मागच्या खोलीत डबा खायला बसले होते. मी पावण्यांनाच विचारलं.

"नमस्कार जी. एक खाजगी विचारायचं होतं. तुम्ही आल्यापासून कपाटाचं काम उरलं नाही. माझं शिक्षण आठवीचं. हे लोक मला काढतील का? सगळे कागद तुमच्याकडे आहेत, काही दिसलं असेल तर सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

पावण्यांनी लिहिलं, की माझी काळजी समजण्यासारखी आहे, माझ्या नोकरीबद्दल कोणताही निर्णय कागदपत्रांत सापडला नाही, आणि मी व्यवस्थापनाशी मोकळेपणानं बोलावं. व्यवस्थापन म्हणजे मालक. मोकळेपणानं म्हणे! तरी मला हलकं वाटलं. मी डबा उघडला.

इतक्यात मागच्या खोलीत दिवाणजींचा फोन टिंग करून वाजला. तसा तो दिवसभर वाजायचा, पण त्या दुपारी चष्मा नेमका नाकावर होता. दिवाणजी काहीही वाचतात ते मोठ्यानं.

"'एक खाजगी इचारायचं होतं'... हे कुणाचं? 'हे लोक मला काढतील का'... अहो मालक! हिला कोण काढायलंय?"

वहिनींनी समजावलेलं जे निम्मं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते हे होतं. पावण्यांना प्रश्न लिहायची ती खिडकी सगळ्यांची. त्यात कुणीही काहीही विचारलं, की ऑफिसातल्या प्रत्येकाच्या फोनवर दिसतं.

मालक तरातरा बाहेर आले, मागोमाग वहिनी. "कुणी काढलं हिला?"

"कुणी न्हाय. ती इचारतीया," फोन घेऊन बाहेर येत दिवाणजी म्हणाले.

"कुणाला?"

"पावण्यांला!"

"मी हितं बसलोय, आन् पावण्यांला?" मालक माझ्याकडे वळले. मी टेबलाखाली जागा शोधत होते.

"चुकलं जी."

"चुकलं काय! सूनबाई, ह्येच्यात माझं उत्तर टाक."

वहिनींनी हसू दाबत माइकचं बटण चालू केलं. मालक आजऱ्याला फोन करतात त्याच आवाजात पडद्यावर वाकले.

"ऐका पावणं! ही पोरगी कुटं जात न्हाय. कळलं? तुमाला कोण इचारणार मग, मी?"

"माझ्याच्यानं तर हुत न्हाय," दिवाणजी चटणीचं बोट चाटत म्हणाले. "आन् तुमी वरडल्यावर ती दचकती, त्येचं बी सांगा."

"मी कुटं वरडतो?"

"ह्ये काय हाय मग?"

"ते ऱ्हाऊ दे. चार चहा सांगा."

"पावण्यांला धरून पाच की!"

"त्यो पितोय व्हय चहा?"

"पप्पा, माइक चालू आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

क्षणभरात पावण्यांनी नेमकं टिपण काढलं. चर्चेला चार जण उपस्थित होते. संबंधित कर्मचारी कार्यालयातच राहतील, असा निर्णय झाला. मालक मोठ्या आवाजात बोलतात का, याबाबत मतभेद नोंदवण्यात आला. चहा चार की पाच, हा मुद्दा प्रलंबित आहे.

"वाच," मालक म्हणाले.

मी वाचलं.

"मोठ्यानं वाच की! आजऱ्याला ऐकू गेलं पायजे."

'कार्यालयातच राहतील' इथवर मी मोठ्यानं वाचलं. पुढचं वहिनींनी वाचलं, कारण मला समोरचं धूसर दिसायला लागलं होतं. दिवाणजी चहा सांगायला दारात गेले आणि तिथून त्यांनी पाचच सांगितले.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या टेबलाशी आल्या. त्या खिडकीतला आपला प्रश्न कसा पुसायचा, ते त्यांनी हळू आवाजात दाखवलं. उगाच सगळ्यांना दिसायला नको म्हणून. मी त्यांचे आभार मानले. प्रश्न मात्र पुसला नाही. तो पुसला, तर खालचं उत्तर कशाचं आहे ते कुणाला कळणार?