टेबल नंबर दोनचा पट्टा

"माझ्या चुकीपायी आजवर कुणाला दुसऱ्यांदा टोचावं लागलेलं नाही," असं शशिकांत तांबे एकदा म्हणाले होते. तेव्हा अक्षता धैर्यवानला ती बढाई वाटली होती. ती नवीन होती, गिरगावातून बसने परळच्या इस्पितळात यायची, आणि नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी तिने एका म्हाताऱ्याच्या हातावर तीन ठिकाणी निळे डाग पाडून ठेवले होते. पुढे बावीस वर्षं ती तांब्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून रक्त काढत राहिली, आणि तिला कळलं की ते वाक्य अक्षरशः खरं आहे.

टेबल नंबर एक तिचं, टेबल नंबर दोन तांब्यांचं. मध्ये हिरव्या कापडाचा पडदा, तोही बहुतेक वेळ सरकवलेला. तांबे माणसाला बसवायचे, दंडाला रबराचा पट्टा बांधायचे आणि मग घाई म्हणून करायचे नाहीत. गाव कुठलं, मुलगी काय करते, गुडघा कसा आहे. बोलता बोलता त्यांचं बोट कोपराच्या खळगीत फिरत राहायचं. शीर फुगायची, बोटाखाली यायची, आणि माणूस गुडघ्याबद्दल सांगत असतानाच सुई आत गेलेली असायची. "झालं?" असं लोक विचारायचे. लालबागचे लोक तासभर थांबायचे, पण टेबल दोनवरच जायचे.

तांब्यांना कुणी "मामा" म्हटलेलं चालायचं नाही. इस्पितळात पट्टेवाल्यांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे मामा असतात. दरवर्षी नवे शिकाऊ डॉक्टर आले की त्यातला एखादा टेबल दोनपाशी येऊन "मामा, जरा हे सॅम्पल" म्हणायचा. तांबे मान वर न करता म्हणायचे, "मी टेक्निशियन. तांबे." एवढंच. दुसऱ्यांदा सांगायची वेळ येत नसे.

त्यांचे वडील लालबागच्या गिरणीत रिंग खात्यात होते. साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, पगार जास्त, पण तिथे त्यांच्या जातीच्या लोकांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यांचं तोंड लागलेला धागा इतरांना चालत नसे. मुलाला इस्पितळात नोकरी लागली त्या दिवशी वडील म्हणाले होते, "दुसऱ्या कुणाचा हात चुकला तर त्याचा एकट्याचा चुकला म्हणतील. तुझा चुकला तर आपल्या सगळ्यांचा चुकला म्हणतील." हे तांब्यांनी अक्षताला एकदाच सांगितलं होतं, डबा खाताना, कोशिंबीर पुढे सरकवत. तिने कोशिंबीर वाढून घेतली होती.

या वर्षी डॉक्टर वैशालींचा अभ्यास सुरू झाला. कोलेस्टेरॉल वाढलेली दोनशे माणसं, परळ-लालबागची, दादर-गिरगावची. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. रक्तात चरबी वाढली की ते अस्तर बिघडायला लागतं, छातीत पहिली कळ येण्याच्या कितीतरी वर्षं आधी, आणि बिघडलं की काही प्रथिनं रक्तात सोडतं. ती मोजली तर वाहिनीची हालहवाल बाहेरूनच कळेल, असा हिशेब. सूचनांचा कागद दोन्ही टेबलांवर आला. माणूस उपाशी हवा. पट्टा एका मिनिटाच्या आत सोडायचा, जमलं तर बांधायचाच नाही. दोघांनी वाचून सह्या केल्या.

जूनपर्यंत आकडे आले. टेबल दोनवरच्या माणसांची प्रथिनं टेबल एकवरच्यांपेक्षा सरसकट जास्त होती.

"बघ ना," डॉक्टर वैशाली संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून अक्षताला म्हणाल्या, "तुझ्याकडे दादर-गिरगाव, तांब्यांकडे लालबाग. वय सारखं, कोलेस्टेरॉलही साधारण सारखंच. पण लालबागच्या वाहिन्या जास्त खराब. काय असेल? खाणं? गिरण्या गेल्यानंतरचं सगळं?" त्यांनी शोधनिबंधाचा मसुदा लिहायला घेतला होता. गिरणगावातल्या माणसांच्या रक्तवाहिन्यांवर एक अख्खा परिच्छेद होता. सहानुभूतीने लिहिलेला, चांगला.

अक्षताला तो पटलाही. मग राधाबाई आली.

राधाबाई लालबागला मसाले दळायची. सत्तरीची, तांब्यांच्या जुन्या चाळीतली, त्यांना लहानपणापासून ओळखणारी. अभ्यासात दर दहाव्या माणसाला महिन्याने परत बोलवायचं होतं, आकडा स्थिर राहतो का ते बघायला. त्या दिवशी तांबे पेन्शनच्या कागदांसाठी रजेवर होते.

"शशी कुठाय?" राधाबाईने दारातच विचारलं.

"रजेवर. या ना मावशी, मी घेते."

"तू? तुझा हात हलका हाय का?"

"त्यांनीच शिकवलाय."

"मग घे. पण दुखलं तर तुझ्या साहेबाला सांगेन." दंड पुढे करत ती म्हणाली, "आमचं रक्त तिखट हाय हां. नळी फुटेल."

अक्षताने पट्टा बांधला, अर्ध्या मिनिटात शीर सापडली, पट्टा सोडला. आठवड्याने आकडा आला तो महिन्यापूर्वीच्या आकड्याहून जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होता. राधाबाई तीच, खाणं तेच, औषध बदललेलं नव्हतं. बदललं होतं फक्त टेबल.

दुसऱ्या दिवशी तिने पडद्याआडून घड्याळ लावलं. तीन मिनिटं दहा सेकंद. दोन मिनिटं पन्नास. साडेतीन मिनिटं. पट्टा बांधलेला, गुडघ्याची गोष्ट चालू. तिला शिकताना वाचलेलं आठवलं. रक्त अडवून ठेवलं की त्यातलं पाणी शिरेबाहेर झिरपतं, उरतं ते दाट होतं. आणि ताणलेलं अस्तर आपण होऊन ती प्रथिनं सोडायला लागतं. लालबागच्या वाहिन्यांना काही झालेलं नव्हतं, निदान गिरगावच्यांपेक्षा जास्त काही नव्हतं. पस्तीस वर्षं ज्या सावकाशीमुळे कुणाला दुखलं नाही, तीच सावकाशी नळीत उतरली होती.

तांबे महिनाअखेर निवृत्त होणार होते. निरोपाची कार्डं छापून आली होती, आणि त्यांचं ते जुनं वाक्य त्यांच्या फोटोखाली होतं. डॉक्टरांना सांगितलं, तर बोलावून परत टोचायची माणसं शंभरावर. नाही सांगितलं, तर तो परिच्छेद छापून येणार. तीन दिवस अक्षता डॉक्टरांच्या खोलीवरून नुसती ये-जा करत राहिली. तिला बोचत होतं ते आणखी वेगळंच. हे बोट दाखवणारी आपण, धैर्यवान, गिरगावच्या, वरच्या जातीच्या. ते कसं दिसेल, आणि दिसण्याची काळजी आपल्याला इतकी का आहे, हे दोन्ही तिला सुटत नव्हतं.

चौथ्या दिवशी रक्ताच्या नळ्या फिरवण्याच्या यंत्रापाशी ते दोघंच होते.

"तांबेसर, एक विचारू?"

"परवानगी कधीपासून मागायला लागलीस?"

"पट्टा किती वेळ ठेवता?"

"लागेल तेवढा."

"मी मोजला. तीन मिनिटांच्या खाली क्वचित येतो."

"घड्याळ लावून बसलीस माझ्यावर?"

"हो."

यंत्राची घरघर हळूहळू थांबली. तांब्यांनी झाकण उघडलं, एकेक नळी उचलून उजेडाकडे धरली, स्टँडमध्ये ठेवली. तिने राधाबाईचे दोन आकडे सांगितले, मसुद्यातला परिच्छेद सांगितला. ते नळ्या ठेवत राहिले.

"मॅडमना बोललीस?"

"नाही."

"का?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांना तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. "तुम्ही मला शिकवलंय," ती म्हणाली.

"मग शिकवलंय तसं वाग. खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही." शेवटची नळी ठेवून त्यांनी हात पुसले. "उद्या सात वाजता ये. मी उपाशी येतो."

सकाळी सातला तांबे रुग्णाच्या खुर्चीत बसलेले होते, दोन्ही बाह्या वर. त्यांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, गोळी चालू होती. "आधी डावा, पट्ट्याविना," ते म्हणाले. "मग उजवा, माझ्या पद्धतीने. साडेतीन मिनिटं. गुडघ्याचं विचारायला विसरू नकोस."

पट्ट्याविना शीर हाताला लागेना. तिने सुई घातली, शीर बाजूला सरकली, नळीत काहीच येईना. सुई बाहेर काढून, कापूस दाबून तिला दुसऱ्यांदा टोचावं लागलं. या वेळी रक्त आलं. तांबे आपल्या हातावरच्या दोन लाल ठिपक्यांकडे बराच वेळ बघत होते, जसं कुणी पहिल्यांदाच समुद्र बघावा.

"एवढंच असतं होय?" ते म्हणाले.

तपासणीच्या संचातल्या ताटलीत नमुने घालायचे दोन खळगे रिकामे उरले होते. त्यात अक्षताने दोन्ही हातांचं रक्त घातलं. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताच्या माणसापेक्षा बराच आजारी निघाला. कागद तिने तांब्यांना दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. पुढचे चार दिवस ते जेवणाच्या सुट्टीत जुनी नोंदवही आणि फोन घेऊन जिन्यात बसायचे.

निरोप सकाळी साडेदहाला ठेवला होता, कारण दुपारी डॉक्टर वैशालींची मीटिंग होती. स्टाफरूममध्ये शाल, गुलाबाचा हार, सामोसे, आणि तो फोटो. डॉक्टर वैशाली मनापासून बोलल्या. कार्ड हातात धरून त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या. अक्षताने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने हात मांडीवर ठेवले.

"तांबे, दोन शब्द बोला आता," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात दार ढकलून राधाबाई आत डोकावली. "अरे शशी, किती वेळ उपाशी ठेवतोस? बिनचहाची आलेय. सात जणं बसलीत तुझ्या बाकावर, सगळी माझ्यावर वैतागलीत." मग हार बघून ती ओशाळली. "चालू द्या, चालू द्या. मला काय म्हाईत, लग्न हाय म्हणून."

सगळे हसले. तांबेही हसले. त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. खिशातून दोन कागद काढले आणि डॉक्टर वैशालींच्या पुढ्यात, सामोशाची बशी बाजूला सारून, ठेवले. अक्षताला ते बसल्या जागेवरून दिसत होते. एकावर एकाच माणसाच्या दोन हातांचे आकडे होते, शेजारी मिनिटं. दुसऱ्यावर तांब्यांच्या गोल अक्षरात एकशे तीन नावं, फोन नंबर, प्रत्येकापुढे येण्याची तारीख; वर ठळक लिहिलेलं, "टेबल दोन. पट्टा जास्त वेळ राहिला. रक्त पुन्हा घ्यावे." आणि तळाशी, बारीक, "घ्यायला मी रोज येईन. पगार नको."

डॉक्टरांनी पहिला कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "तांबे..." असं म्हणून त्या थांबल्या.

तांब्यांनी दुसऱ्या खिशातून रबराचा पट्टा काढला, अक्षताकडे बघून आपल्या मनगटावरचं घड्याळ तिला दिसेल असं फिरवलं, आणि राधाबाईच्या मागोमाग बाहेर गेले.