पळसाच्या पानातला डिंक

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळलं. सत्कारांत, मुलाखतींत लोक विचारायचे, "तुम्हाला हे सुचलं कसं?" मी दर वेळी काहीतरी गोलमाल सांगून वेळ मारून न्यायचो. आता सरळ लिहितो.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात केमिकल इंजिनीअरिंग शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. आमचं घर मूल या गावचं. वडील राइस मिलमध्ये हमाल. घरात इंजिनीअर झालेला मी पहिलाच. माझा विषय होता कुलूच्या झाडाचा डिंक. हा डिंक पाण्यात विरघळत नाही, फुगतो. त्यात औषध मिसळून गोळी बांधली, तर फुगलेल्या थरातून ते हळूहळू, दिवसभर झिरपतं. रोग्याला चार गोळ्यांऐवजी एकच पुरते. पण माझी गोळी ऐकतच नव्हती. एक बारा तास चालायची, तशीच बांधलेली दुसरी तीन तासांत रिकामी. माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांनी उन्हाळा संपेपर्यंत मुदत दिली. नाहीतर विषय बदला, म्हणाले. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

डिंक निघतो तरी कसा, ते बघायला मी गडचिरोलीकडच्या एका जंगलगावात गेलो. तिथे एक म्हातारी गोंड बाई डिंक काढायची. तिने मला पळसाच्या पानांचे बरेच पुडे दिले. मी ते तिच्यासमोरच एका पोत्यात ओतले आणि पोतं चांगलं घुसळलं. आम्हाला शिकवलेलंच तसं: नमुना एकजीव हवा.

तिने कपाळावर हात मारला.

"काऊन गा भाऊ, मिसळून टाकलं सारं? बैल अन् बकरी एकाच जुवाले जुंपतं का तू?"

"डिंक तर डिंकच ना, बाई?"

"डिंक इकत घेते तो ठेकेदारबी असंच म्हणते. मले वाटलं, शिकलेल्याले तरी समजन."

तिच्याकडे एका पुड्यात एकाच झाडाचा, एकाच घावाचा डिंक असायचा. तिने तीन द्रोणांत पाणी घेतलं, प्रत्येकात एकेक खडा टाकला आणि चुलीवर भात ठेवला. भात शिजेपर्यंत एक खडा द्रोणभर फुगला, दुसरा अर्धा, तिसरा तसाच पडून.

"हा ताज्या घावाचा. हा जुन्या घावाचा. अन् हा मागच्या सालचा, माह्यावानी म्हातारा झाला."

मग माझं पोतं जमिनीवर पालथं करून तिने खडान्खडा निवडला, नुसत्या नजरेने. निघताना म्हणाली, "तुह्या कागदावर माहं नाव टाकजो. ठेकेदाराले दाखवीन."

"टाकतो," म्हणालो आणि बस पकडली.

तिच्या ताज्या घावाच्या डिंकाच्या सहा गोळ्या बांधल्या. आलेखावर सहा रेषा एकमेकींवर अशा बसल्या, की एकच काढल्यासारखी दिसावी. बारा तास, अगदी सरळ! रिकाम्या प्रयोगशाळेत मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. तो आलेख आजही बघितला की छाती फुगते. ते खोटं कशाला बोलू? सरांनी पाठ थोपटली. पदवी मिळाली तेव्हा मूलच्या मिलमधल्या हमालांनी मला पोतं उचलावं तसं खांद्यावर उचललं, आणि वडील पुढे पेढे वाटत चालले. पुढे मी प्राध्यापक झालो, माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली. तिथून शिकून गेलेली मुलं आज कुठे कुठे औषधं बनवतात. सगळं त्या सहा रेषांतून उभं राहिलं.

फक्त एक. सरांनी विचारलं होतं, "ही प्रतवारी कोणी केली?"

मी म्हणालो, "मीच."

निबंध छापून आला तेव्हा मी प्रत घेऊन त्या गावी गेलो. ती खूश झाली. हात पदराला पुसून तिने कागद घेतला. वाचता येत नव्हतं. "कुठी आहे माहं नाव?"

मी माझ्या नावावर बोट ठेवलं.

तिने त्या ओळीवरून आपलं बोट हळूच फिरवलं, कागदाची घडी केली आणि म्हणाली, "आता ठेकेदार काय बोलते, पायतेच."

ठेकेदाराने तो कागद वाचला असेल का, हे विचारायला मी परत गेलो नाही. खूप वर्षांनी गेलो, तेव्हा ती नव्हती. तिच्याशी काय बोलायचं ते मूलपासून बसमध्ये घोकत गेलो होतो: बाई, त्या ओळीत तुमचं नाव नव्हतं. माझं होतं. तुमचं तर मी कधी विचारलंसुद्धा नाही. माफ करा.