खालीवरच्या नावावरचं गरोदरपण

...तर विमा कंपनीनं कळवलं, की सदर रुग्ण पुरुष असल्यामुळे त्याच्या गरोदरपणातल्या रक्ततपासणीचा खर्च देता येत नाही. दवाखान्यात बिलाच्या खिडकीतल्या बाईंनी हे मोठ्यानं वाचलं. रांगेतल्या पोटुश्या बायका पोट धरून हसल्या आणि खालीवरनं उगाचच शर्ट खाली ओढला.

खालीवर म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. जन्म वर-खाली करण्यात गेला, म्हणून हे नाव. सासूसुद्धा त्याला 'खालीवरराव' म्हणायची. तोंडाचा पट्टा असा, की लिफ्टमध्ये अडकलेल्यांना धीर द्यायला हा बाहेरून विनोद सांगायचा. एका वकिलानं आतूनच हात जोडले होते, की बाबा, लिफ्ट सावकाश उघड, पण गप्प बस.

घोळ असा झाला, की विमा त्याच्या नोकरीतला, त्याच्याच नावावर. खिडकीतल्या बाईंनी घाईत बायकोऐवजी त्यालाच रुग्ण करून टाकलं. हसण्यावारी नेलंही असतं, पण पहिलीच्या वेळी सातव्या महिन्यात बायकोचा रक्तदाब असा चढला होता, की पोरगी वेळेआधीच आली आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिली. या खेपेला तसा धोका आहे का, ते या तपासणीतून आधी कळणार होतं. असलाच तर गोळी लवकर सुरू करायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, याच आठवड्यात रक्त द्या. आणि बायको समोरच्या बाकावर हटून बसलेली, की बाळंतपणासाठी साठवलेल्या पैशाला हात लावायचा नाही. विमा देणार नसेल तर सुईच नको. तिच्यापुढे जिथं खुद्द तिच्या आईची डाळ शिजत नव्हती, तिथं हा कोण लागून गेला?

बाईंनी खिडकीतूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी नेमून दिलेले प्रश्न सोडायला तयार नव्हती. म्हणाली, रुग्णालाच द्या. खालीवरनं फोन घेतला. शेवटची पाळी कधी आली, विचारल्यावर यानं तारीख सांगितली. उलट्या होतात का, तर होतात, सकाळी, तेलाच्या वासानं. पाय सुजतात का, तर अजून तरी नाही. एवढं झाल्यावर मुलीला त्या घोगऱ्या आवाजाची शंका आली.

"तुम्ही स्वतःच गरोदर आहात का?"

"कागद तुमचा तसं म्हणतो, मॅडम. बायको म्हणते ती आहे. तुम्ही दोघी ठरवा, पण याच आठवड्यात ठरवा."

मुलगी हसली आणि तिथंच गाडं रुळावर आलं. विम्यात बायकोचंही नाव होतंच. तिनं नोंद फिरवली, वरच्या साहेबांना विचारलं आणि खर्च मंजूर झाल्याचं सांगितलं. बायको बाकावरून उठली, बाही वर सारत रक्त द्यायला आत गेली. खालीवर बंद झालेल्या दाराकडे बघत राहिला. फोनवर मुलीनं विचारलं, आता तुमच्या नावावरचं गरोदरपण काढून टाकू ना?

"राहू द्या की, मॅडम. मागच्या खेपेला रक्तदाब तिचा वाढला आणि चक्कर येऊन मी पडलो. आधी खाट मलाच द्यावी लागली होती."