थोरल्या मेहुणीची गाणारी बालवाडी

माझ्या थोरल्या मेहुणीइतकं गाणारं, आणि ज्याला गाणं येत नाही त्यालाही गायला लावणारं माणूस दौंड स्टेशनापासून शिरूरच्या पुलापर्यंत दुसरं सापडायचं नाही. गाणं म्हणजे मैफलीतलं नव्हे. ताई चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत बालवाडी चालवतात, आणि तिथं गाण्यावाचून काहीच घडत नाही. चपला काढायचं गाणं वेगळं, त्या जोडीनं लावायचं वेगळं. 'पाणी आलं नळाला, हात आले भेटीला' म्हटल्याशिवाय नळ सुटत नाही. शेंबूड पुसायलासुद्धा गाणं आहे, आणि ते इतकं गोड आहे की नाक कोरडं असलेली पोरंही रुमाल काढतात. ही सगळी गाणी ताईंनी स्वतः रचलेली, आणि ती बालवाडीच्या फाटकाशी थांबत नाहीत. एकदा ताई आमच्याकडे जेवायला असताना मी ताट तसंच ठेवून उठलो, तर ताईंनी शांतपणे ताट उचलायचं गाणं सुरू केलं. मी साठी ओलांडलेला माणूस, मुकाट्यानं ताट घेऊन मोरीकडे गेलो. बायको म्हणाली, "चाळीस वर्षं मी नुसतं बोलत बसले, गायला हवं होतं."

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. उसाची ट्रॉली काट्यावर आडवीतिडवी घालणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांवर ओरडणं हेच काम, त्यामुळं आवाज कमावलेला आहे, फक्त भलत्या कामासाठी. निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता लोक सल्ला विचारायला येतील. कोणी आलं नाही. ताई आल्या, त्यांनी कात्री मागितली, आणि जाताना कात्रीबरोबर मलाही नेलं. "दाजी, नुसती चित्रं कापायचीत," म्हणाल्या. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे दाजी म्हणतात, म्हणून त्या मला दाजी म्हणतात. पोरांनी ते ऐकलं. मग पोरांच्या आया दाजी म्हणू लागल्या, मग बाप, मग आजोबा. आता बाजारात मेथीची जुडी घ्यायला गेलो तरी कुठून तरी "ओ दाजी" अशी हाक येते. नात्यानं पाहिलं तर अर्धा दौंड तालुका माझी सासुरवाडी झाला आहे, आणि जावयाचा मान मात्र कुठंही मिळत नाही.

ताईंना टाकाऊ वस्तू दिसली की त्यांचे डोळे चमकतात. बाटल्यांची झाकणं, मक्याची रिकामी कणसं, दोऱ्याची रिळं, माझ्या गोळ्यांची संपलेली पाकिटं, सगळं त्यांच्या पिशवीत जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याची आगगाडी झालेली असते. आमच्या डब्यातला राजमा आणि वाटाणा त्यांनी पोरांना निवडायला म्हणून नेला. तो परत आला तेव्हा त्यात चवळी, चिंचोके आणि एक शर्टाचं बटण होतं. बायकोनं उसळ केली, आणि बटण माझ्या वाट्याला आलं.

बुधवारी पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, गोष्ट असते. ताई ती सांगत नाहीत, करून दाखवतात, आणि करून दाखवायला त्यांना माणूस लागतो. पहिल्याच बुधवारी मला गल्याथ केलं, छोट्या दावीदानं गोफणीच्या दगडानं लोळवलेला राक्षसासारखा योद्धा. पुठ्ठ्याची ढाल घेऊन मी उभा राहिलो, एका चिमुरड्या दावीदानं कागदाचा बोळा मारला आणि मी सतरंजीवर कोसळलो. आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाचं एवढं कौतुक झालं नव्हतं. कुरकुंभच्या कंपनीत कामाला आलेल्या एका बिहारी कुटुंबातला मुलगा तर "दाजी गिर गये, दाजी गिर गये" करत आवारभर पळाला. तिथून पुढं गोष्ट कुठलीही असो, मी पडायला हवा असा नियम झाला. नोहाच्या तारवात, म्हणजे प्रलयातल्या त्या मोठ्या होडीत, सगळे प्राणी शिस्तीत चढत होते, तर मेंढपाळाच्या घरातली तनू उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, दाजी कवा पडणार?" मी जिराफ होतो. ताईंनी क्षणभर विचार केला आणि जिराफाला समुद्रात पाडलं.

ही तनू म्हणजे आमची टीकाकार. हरवलेल्या मेंढराची गोष्ट चालू असताना तिनं ताईंना थांबवलं होतं. "मेंढरू असं हरवत न्हाई टीचर. कुत्रं आणतंय त्याला माघारी." ताईंनी लगेच गोष्टीत कुत्रा घातला. कुत्रा अर्थातच मी. डबा उघडायच्या आधी प्रार्थना व्हायची, तेव्हा प्रत्येकाला देवाशी बोलायची मुभा असे. तनू डोळे घट्ट मिटून म्हणायची, "देवा, डब्यात शिमला मिरची हाय. ती तू खा. आमेन." तिचे आजोबा एकदा मला म्हणाले, "दाजी, पोरगी घरी भाकरीला हात लावू देत न्हाई वो. आधी डोळं झाका म्हन्ती. आम्ही आपलं बिरोबाचं नाव घेतो आन् झाकतो." ताईंना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "डोळे झाकले ना, मग झालं."

हे सगळं असंच चालायचं, पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ताईंचा आवाज बसू लागला. आल्याचा रस झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, काढा झाला. शेवटी बायकोनं आणि मी त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन छोटं आहे, गाठ तपासायला पाठवू, पण त्यानंतर काही आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंही नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "गुणगुणलं तर चालेल?" डॉक्टर नाही म्हणाले. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर बायको त्या प्रश्नाला हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ताई मात्र रस्त्याकडे बघत बसल्या होत्या.

ऑपरेशननंतर त्या घरी बसतील असं आम्हाला वाटलं. आठवड्याच्या आत त्या बालवाडीच्या दारात उभ्या होत्या, गळ्याला पांढरा रुमाल बांधून. त्यांनी पोरांकडे पाहिलं, स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि मग बोट माझ्याकडे केलं. आता गाणार दाजी.

माझ्या गाण्याबद्दल आधी सांगायला हवं. चर्चमध्ये मी गीत म्हणू लागलो की पुढच्या बाकावरचे लोक मागं वळून पाहत नाहीत, कारण ते ख्रिस्ती सहनशीलतेचे लोक आहेत. पण दुसऱ्या रविवारी ते दुसऱ्या बाकावर असतात. असा मी नळापाशी उभा राहिलो. चाल आठवेना. घाबरून मी वजनकाट्याच्या आवाजात म्हणालो, "चला, हात धुवा." दोन पोरं रडली, एकाची चड्डी ओली झाली, आणि आवाराबाहेरून चाललेला एक ट्रॅक्टर खरोखरच थांबला.

मग मी एक युक्ती काढली. मला चाल एकच येत होती, नाताळच्या एका गीताची. चपला, नळ, शेंबूड, डबा, सगळी गाणी मी त्याच चालीत बसवली. रुमाल काढताना पोरांचे चेहरे आपोआप गंभीर होऊ लागले. तनूनं दोन दिवस ऐकून घेतलं, मग जवळ येऊन माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "दाजी, तुम्ही नुसतं पडा. गानं आम्ही म्हणतो."

ताई कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसून भुवयांनी सगळं चालवत. एक भुवई वर गेली की सतरंजी घालायची, दोन्ही गेल्या की गप्प बसायचं. पोरांना वाटलं, टीचरनं हा नवीन खेळ काढला. तीही खुणांनी बोलू लागली. एका सकाळी वर्गात इतकी शांतता झाली की चर्चचे पाळकसाहेब चप्पल न घालताच धावत आले. आत सगळी पोरं रांगोळीच्या रंगानं हात माखून, एकमेकांना भुवया उडवून दाखवत बसली होती. पालकांच्याही तक्रारी आल्या. पोरगं पोळी मागत नाही, ताटाकडे बघून भुवई उडवतं, असं एका आईनं सांगितलं.

मी हे सगळं घरी रंगवून सांगायचो आणि बायको हसायची. गाठीचं काय निघालं ते अजून कळायचं होतं, आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. मी तर जास्तच विनोद करत होतो. एकदा दुपारी पोरं गेल्यावर छत्री विसरली म्हणून परत गेलो. खोलीत ताई एकट्याच होत्या, पोरांच्या बुटक्या टेबलापाशी. त्यांचे ओठ हलत होते. आवाज काहीच नव्हता, पण बोटांनी टेबलावर ताल धरलेला, मान डुलत होती, आणि गाण्यात जिथं सूर वर चढतो तिथं हनुवटी वर जात होती. गाणं नळाचंच असावं. मी दारातून चार पावलं मागं गेलो, मोठ्यानं खोकलो आणि मगच आत आलो. ताईंनी भुवई उडवून विचारलं, काय? मी म्हणालो, "छत्री." त्यांनी ती काढून दिली. पाऊस संपून महिना झाला होता, छत्री कशाला आणली होती असं त्यांनी विचारलं नाही.

नाताळ तोंडावर आला आणि डॉक्टरांचा निरोप आला. गाठ साधी होती, काळजीचं कारण नव्हतं. बायकोनं त्या दिवशी तीन शेजारणींना करंज्या वाटल्या. पण आवाज पूर्वीसारखा होईलच असं सांगता येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले होते, आणि तसंच झालं. बोलायची परवानगी मिळाल्यावर ताई वर्गात उभ्या राहिल्या आणि चपलांचं गाणं म्हणाल्या. आवाज जाड, घोगरा, मध्येच चिरणारा. वरची ओळ आली तिथं नुसती हवा निघाली. पोरं टकामका बघत राहिली. मी उगाचच चपला जोडीनं लावायला घेतल्या. तनूनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "टीचर, तुम्हाला दाजींचा आवाज लागला का?"

ताई हसल्या. गळा धरून, खुर्चीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "व्हय गं बाई," त्या म्हणाल्या, "हेच दुखणं होतं मला."

आता ताई गाणं खालच्या पट्टीत सुरू करतात. चढाची ओळ आली की थांबतात आणि हात हळूहळू वर नेतात, आवाज पूर्वी जिथवर जायचा साधारण तिथवर. पोरं त्या हाताकडे बघत बघत वर चढतात. नवीन आलेल्या पोरांना वाटतं, गाणं असंच असतं. हात वर असतो तेवढा वेळ ताई डोळे मिटून ऐकत असतात. मी बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसलेला असतो. एरवी प्रत्येक ओळीत मी माझा सूर मिसळतोच, कोणी कितीही डोळे वटारले तरी. पण त्या एका ओळीला मी तोंड मिटून घेतो. मला तसं कोणी सांगितलेलं नाही.